दापोलीच्या पुढचा समुद्र

मनोहरभाऊ,

तुमची तेरवी होऊन आठ दिवस झाले. पंगतीला दोनशे चौदा माणसं जेवली. मी मोजली. तुम्ही असता तर तिथंच म्हणाला असता, "साडभाऊ, तुमी जेवाले आले का मोजाले?" वाढप्याला भाताची परात पुढं न्यायला सांगताना मला ते इतकं स्पष्ट ऐकू आलं, की उत्तर द्यायला मी मान वळवली. मागं तुमचा फोटो होता आणि त्याच्या हारावर एक माशी बसली होती. मी माशी हाकलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं तुमच्या घरी चहाला गेलो. सुनंदा आत तिच्या बहिणीजवळ, प्रमिलाताईंजवळ बसली, मी अंगणात. तुमची गाडी मांडवाच्या बांबूंमागं उभी होती, टपावर निंबाचा पाला पडलेला. प्रमिलाताई कप घेऊन आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "भाऊजी, मार्चात गाडी काढाची ना? दापोलीच्या पुढचा समुद्र राहिला हाय."

मी नाही म्हणालो. कारणंही दिली. एका बाजूचं अंतर अकराशे किलोमीटरच्या वर. मला चालवायची सवय लहान कारची. गाडी अकरा वर्षांची. वाटेत घाट. शिवाय नागझिऱ्याकडे पर्यटकांची राहायची सोय करणारा एक जण गाडी विकत मागतो आहे, तो सोमवारी बघायला येणार, हेही सांगितलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं, माझा रिकामा कप उचलला आणि आत गेल्या.

कारणं सगळी खरी होती, भाऊ. पण त्यातलं खरं कारण एकही नव्हतं. ते मी त्यांना सांगितलं नाही, सुनंदाला सांगितलं नाही आणि नऊ महिने तुम्हालाही सांगितलं नाही. आज सांगतो. पण क्रमानं सांगतो, कारण क्रम सोडला की मी काहीतरी लपवीन.

तुम्ही एसटीतून निवृत्त झालात तेव्हा आम्हाला वाटलं होतं, आता हा माणूस घरी बसून सगळ्यांना त्रास देणार. तुम्ही महिनाभरात एका शाळेनं काढून टाकलेली बारा सीटची गाडी दारात आणून उभी केली. मी विचारलं, काय करणार हिचं? तुम्ही म्हणालात, "एकतीस वर्षं एसटी चालवली. जिकडं गेलो तिकडं रस्त्याच्या टोकाले एक स्टँडच. आता जिथं रस्ता खरंच संपते, तिथं जाऊन पाहाचं हाय." मग सीटा निघाल्या, दोन बाकं आली, बाकांच्या खाली कप्पे आले, मागच्या दाराशी गॅसची जागा झाली. आरटीओत नोंद बदलल्याशिवाय मी गाडीत पाय ठेवणार नाही म्हटलं, तेव्हा तुम्ही चार चकरा मारून तेही केलंत आणि कागद माझ्या हातात देऊन म्हणालात, "घ्या, आता ठेवा पाय. कोणता ठेवता, डावा का उजवा?"

सामान निवडायचं काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या कुणाकडे येणार? राईस मिलच्या काट्यावर बसून माझी बावीस वर्षं गेली. धानाचे ट्रक यायच्या आधी, सकाळी सातला, आपण गाडी धर्मकाट्यावर चढवली. रिकामी गाडी दोन हजार चारशे दहा किलो. पण धर्मकाटा पाच किलोच्या खाली बोलत नाही, म्हणून बाकीचं सगळं आपण धानाचे बोरे तोलायच्या लहान काट्यावर तोललं. दोन शेगड्यांची चूल की एक शेगडीची? एक. साडेतीन किलो वाचले. काचेच्या बरण्या की स्टीलचे डबे? डबे. लोखंडी खाट सुनंदाला हवी होती, तिची घडीची पलंगडी झाली. पाणी साठ लिटर, म्हणजे साठ किलो. मच्छरदाण्या चार, ताडपत्री एक, दोर एक, झाकणाची बादली, चाकातली हवा मोजायचं यंत्र, पायानं हवा भरायचा पंप. चार महिन्यांत मी तीन याद्या केल्या. तुम्ही प्रत्येक यादी नीट वाचायचात आणि शेवटी म्हणायचात, "यात लोणचं नाही जी."

माणसंही तोलावी लागणार होती. मी चौसष्ट, सुनंदा अठ्ठावन्न. ताई काट्यावर चढायला तयार होईनात. "मले काय धानाचा बोरा समजला का?" तेव्हा तुम्ही त्यांना हाताला धरून सोबत उभं केलंत. दोघं मिळून एकशे सेहेचाळीस. तुम्ही अठ्ठ्याहत्तर होतात, मी वजाबाकी केली. ताई म्हणाल्या, "भाऊजी, तो आकडा तोंडातून काढाचा नाही." मी आजपर्यंत काढला नाही. आजही काढलेला नाही, ज्याला वजाबाकी येते त्याला माझा इलाज नाही.

तांदळावरून तर भांडणच झालं. चार माणसं, सोळा दिवस, दोन वेळा, दर वेळी माणशी दीडशे ग्रॅम. एकोणीस किलो दोनशे ग्रॅम. ताई तीस किलो घेऊन आल्या. मी विचारलं, वरचे अकरा किलो कायले?

"पाहुणे आले तं?"

"ताई, समुद्रावर कोण येणार पाहुणे?"

"पाहुणे सांगून येतेत का?"

तुम्ही माझ्या बाजूनं बोलाल असं वाटलं होतं. तुम्ही बोरा उचलून गाडीत ठेवलात. आपल्याकडची रीतच ती, माणूस काशीला जाईल पण तांदूळ घरचा नेईल. परक्या गावचा भात पोटाला लागत नाही म्हणे. ज्या कोकणात आपण निघालो होतो तिथं भाताशिवाय काही खात नाहीत, हे आपल्या चौघांपैकी एकालाही तेव्हा सुचलं नाही.

आता फळ्या.

सागाच्या दोन फळ्या तुम्ही स्वतः तासून आणल्या होत्या. बारा-बारा किलोच्या, चाक रुतलं तर खाली घालायला. सामानाची मर्यादा मी साडेचारशे किलो ठरवली होती, आणि निघायच्या आदल्या दिवशी बेरीज चारशे चौऱ्याहत्तर आली. कारण कूलर. कूलर माझा हट्ट होता. मार्च महिना, विदर्भातला माणूस, कूलरशिवाय बाहेर पडायची कल्पनाच करवेना. कूलर चौदा किलो, त्याचं पाणी दहा. चोवीस. दोन फळ्या, बारा आणि बारा. चोवीस. भाऊ, आकडा जुळला की मला गोष्ट बरोबर वाटायला लागते. हा माझा जुना दोष आहे. तुम्ही डिझेल भरायला गेला होतात. मी फळ्या काढून काट्याच्या खोलीमागं उभ्या करून ठेवल्या. मनात म्हटलं, समुद्रावर काय चिखल असतो?

तुम्हाला सांगणार होतो. नागपूर येईपर्यंत सांगू म्हटलं, मग अमरावतीपर्यंत, मग राहिलं.

आगरदांड्याला गाडी बोटीत चढवताना तिकीटवाल्यानं विचारलं, "गाडी जड आहे का?" मी म्हटलं, "तीन हजार एकशे अठ्ठावीस किलो, माणसांसकट." तो माझ्याकडे बघतच राहिला. "काका, मी सहज विचारलं." तुम्ही तिथून श्रीवर्धनपर्यंत हसत होतात. दर दहा मिनिटांनी मागं वळून, "काका, सहज विचारलं जी!"

त्याच्या आदल्या संध्याकाळी मुरूडला आपण कूलर लावला होता. आपल्याकडे कूलर लागला की माणूस स्वर्गात जातो. तिथं तासाभरात उशा ओल्या, पापड ओले, आगपेटी ओली. तुम्ही उठून बसलात आणि म्हणालात, "साडभाऊ, हा कूलर हाय का धान भिजवाचा हौद?" दुसऱ्या दिवसापासून ताईंनी त्यात कांदे ठेवले. कांदे मात्र छान राहिले.

आणि मग दापोलीच्या अलीकडचा तो किनारा. सकाळचे नऊ. पाणी बरंच आत गेलेलं, वाळू कडक दिसत होती. तुम्ही गाडी खाली उतरवलीत. पन्नास पावलांवर मागचं चाक बसलं. त्या क्षणी तुम्ही जे केलंत ते आपल्याकडचा कोणताही ड्रायव्हर करील. धानाच्या बांधीत गाडी फसली की आपण दम देऊन जोर लावतो, चिखल उडतो, गाडी निघते. तुम्ही जोर लावलात. वाळू उडाली आणि गाडी खाली गेली. तुम्ही आणखी जोर लावलात. क्लचचा जळका वास आला. सुनंदा ओरडली, "भाऊजी, थांबा!" तेव्हा गाडी पोटावर बसली होती आणि पाणी परत यायला लागलं होतं.

तुम्ही उतरलात. मागचं दार उघडून बाकाखाली हात घातलात. फळ्या नव्हत्या. तुम्ही दुसऱ्या बाकाखालीही बघितलंत. मग कपाळावर हात मारलात. "मीच विसरलो जी. अंगणातच राहिल्या असतील."

मी तुमच्यापासून चार हातांवर होतो. माझ्या हातात हवा मोजायचं यंत्र होतं. मी त्याचा आकडा वाचत राहिलो.

कोळीवाड्यातली माणसं धावत आली. एक म्हातारा आल्या आल्या ओरडला, "आधी चाकांतली हवा काढा! इंजिन काय बोंबलवताय?" त्यांनी होडी ओढायच्या फळ्या आणल्या, चाकांखाली सारल्या, आपला दोर लावला आणि सात माणसांनी ओढून गाडी वर घेतली. फळ्यांनीच घेतली. मी ते प्रत्येक चाकाजवळ बसून बघितलं. आपली गाडी वर आल्यावर वीस मिनिटांनी त्या जागी पाणी होतं.

मग ताईंनी चूल पेटवली. सात ते आणि चार आपण, अकरा माणसांचा भात, वरण आणि त्यांनीच आणलेले मासे. ताईंनी माझ्याकडे एकदाच बघितलं, भात वाढता वाढता. "आले ना पाहुणे?" त्या म्हाताऱ्यानं विचारलं, एवढ्या लांबून तांदूळ कशाला वाहून आणलात, आमच्याकडेही तांदूळच पिकतो. तुम्ही म्हणालात, "काय हाय बाबा, बिनबोलावला पाहुणा डबा घेऊन आलेला बरा." तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

क्लच जळला होता. दापोलीच्या मेकॅनिककडे सामान यायला चार दिवस लागले. माझ्या रजेचे सोळा दिवस, त्यातले सहा जाण्यायेण्याचे. किनाऱ्यासाठी दहा, त्यातले चार गेले. वेंगुर्ल्यापर्यंत जायचं ठरलं होतं. आपण दापोलीहून परत फिरलो. तुम्ही गाडी वळवताना म्हणालात, "राहू द्या. उरलेला पुढच्या साली."

त्या चार दिवसांबद्दल मला तुमचे आभार मानायचे राहिले. मी रोज मेकॅनिककडे जाऊन सामान किती वाजता येणार ते विचारत होतो आणि तुम्ही बनियन-टॉवेलवर पाण्यात जाऊन बसत होता. चालत नाही, पोहत नाही, नुसतं बसायचं. लाट आली की ताईंना हाक मारायची, "प्रमिला, हे पाहा, हे मोठी होती!" तिसऱ्या दिवशी मीही येऊन शेजारी बसलो. तुम्ही म्हणालात, "गाडी चालू असती तं तुमच्या यादीत या जागेले किती येळ होता?" मी म्हटलं, दीड तास. तुम्ही मोठ्यानं हसलात. माझ्या आयुष्यातले तेवढे बसून राहिलेले दिवस दुसरे नाहीत. पण त्या हसण्यातही माझ्या पोटात फळ्या होत्या.

परत आल्यावर तुम्ही ती गोष्ट गावभर सांगितलीत. लग्नात, चहाच्या टपरीवर, आमच्या मिलमध्ये सुद्धा. "फळ्या मीच विसरलो, म्हणून गाडी फसली." प्रत्येक वेळी मी तिथं असायचो. प्रत्येक वेळी वाटायचं, आता बोलावं. नऊ महिन्यांत किमान बारा वेळा तरी संधी होती. मग त्या दुपारी तुम्ही जेवून खाटेवर पडलात आणि उठलाच नाहीत, आणि संधी संपल्या.

तर हे खरं कारण होतं. तुमच्या वाटचा समुद्र माझ्यामुळं अर्धा राहिला. तोच समुद्र ताईंना मी कोणत्या तोंडानं दाखवू? त्यापेक्षा गाडी गेलेली बरी, असं मी ठरवलं होतं.

सोमवारी नागझिऱ्याचा माणूस आला. त्यानं बाकं ठोकून बघितली, कप्पे उघडले. म्हणाला, काम पक्कं आहे. मी कागद काढायला लागलो तशा ताई बाहेर आल्या.

"भाऊजी, यायले चहा देऊ, पण गाडी नाही द्याची."

मी म्हटलं, "ताई, आपलं बोलणं झालं होतं."

"तुमी बोलले. मी कप उचलला." मग त्या माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "फळ्यायच्या पायी करून राहिले का हे?"

माझ्या हातातले कागद खाली पडले नाहीत, पण पडल्यासारखं झालं. मी विचारलं, कोणत्या फळ्या?

"तुमाले खोटं बोलता येत नाही जी, कायले मेहनत करता?"

मग त्यांनी सांगितलं. परत आल्यावर आठवड्याभरात तुम्ही धान घेऊन मिलमध्ये आला होतात. मी जेवायला गेलो होतो. तुम्ही सावलीला काट्याच्या खोलीमागं गेलात आणि तिथं तुमच्याच हातानं तासलेल्या दोन फळ्या उभ्या होत्या. तुम्ही हात नाही लावलात. घरी जाऊन ताईंना सांगितलंत आणि ताई म्हणाल्या, मग विचारा ना त्यांना. तुम्ही म्हणालात, "राहू दे. त्याले विचारलं तं तो यादी कराचं सोडून देईल. अन् नाही विचारलं तं पुढच्या साली आपल्याआपण चार फळ्या टाकील."

भाऊ, मी तुमच्यावर रागावलो. तेरवी होऊन आठ दिवस झालेल्या माणसावर रागावणं बरं नाही, पण रागावलो. म्हणजे नऊ महिने तुम्ही माझ्यासमोर ती गोष्ट सांगत होतात ते सगळं ठाऊक असून! "मीच विसरलो" म्हणताना तुम्ही नेहमी माझ्याकडे बघून हसायचात. मला वाटायचं, भोळा माणूस आहे, आपला साक्षीदार म्हणून बघतो आहे. तुम्ही मजा घेत होतात. माझी चुळबुळ तुम्हाला प्रत्येक वेळी दिसत होती.

नागझिऱ्याचा माणूस चहा पिऊन गेला.

एक भांडण मात्र मी सोडणार नाही. फळ्या माझ्या, हे कबूल. पण ॲक्सिलरेटर तुमचा होता. पहिल्यांदा चाक बसलं तेव्हा थांबून हवा काढली असती, तर फळ्यांशिवायही निघालो असतो आणि क्लच वाचला असता. पंप आणि यंत्र दोन्ही माझ्या यादीत होतं. म्हणजे दोष निम्मा निम्मा. तुम्ही म्हणाल साठ-चाळीस. कुणाचे साठ, ते तुम्ही सांगू शकत नाही, म्हणून निम्म्यावरच ठेवतो.

नवी यादी सुरू केली आहे. पहिल्या ओळीत माणसं असतात. हात सवयीनं तुमचं नाव आणि अठ्ठ्याहत्तर लिहून गेला. मी पेन्सिल खाली ठेवली. सुनंदानं डोकावून बघितलं आणि खोडरबर आणून दिलं नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे. संध्याकाळी ताईंना विचारलं, तेवढं वजन मोकळं झालं आहे, काय घ्यायचं? त्या तुमच्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "पाणी वाढवा. तेही यायच्यासारखंच, एका जागी ठेवलं तं हालत नाही." आणि डोळे पुसत पुसत हसल्या. कूलर घ्यायचा नाही, यावर तिघांचं एकमत झालं.

काल मी पहिल्यांदा तुमची गाडी चालवली. ताई शेजारी बसल्या, सुनंदा मागं बाकावर, पुढची दांडी दोन्ही हातांनी धरून. मी ठरवलं होतं, आपल्या गोरेगावहून निघायचं, सौंदडच्या रेल्वे फाटकापर्यंत जायचं, तिथून वळायचं. सरावाला तेवढं पुरे. कोहमाऱ्यापर्यंत मी तिसऱ्या गिअरमध्येच होतो. दोन एसटी आणि एक मोटरसायकलवाला, ज्याच्या मागं बायको, दोन पोरं आणि कोंबड्यांची टोपली होती, ओव्हरटेक करून गेले.

"गिअर बदला ना जी. इंजिन रडून राहिलं."

"तुम्हाला काय कळतं ताई गिअरमधलं?"

"एकतीस वर्षं ड्रायव्हरच्या घरात काढली. झोपेत बी गिअर बदलायचे ते. माझ्या हाताले निशाण हायेत."

मागं सुनंदा इतकी हसली की तिची दांडी सुटली. मी चौथा गिअर टाकला. गाडीचा आवाज खाली आला, आणि मला पहिल्यांदा वाटलं की ती मला चालवू देते आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या होत्या, त्यांत बगळे उभे होते.

सौंदड आलं. मी इंडिकेटर दिला, आरशात बघितलं, वेग कमी केला. वळायला जागा चांगली होती, मागून कुणी नव्हतं.

ताई समोर बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, हाच रस्ता पुढं नागपूरले जाते ना? अन् तिथून समुद्राकडं?"

"हो. पण आज नाही. आज आपण इथून परत..."

"मले माहीत हाय, आज नाही. पण इथून नोका वळवू. एकदा तं असं पुढं जाऊ द्या."

मी इंडिकेटर बंद केला. किती पुढं, ते विचारलं नाही.